धंद्याचं डोकं शिकवता येतं का? आणि शिकवायचं तर सुरुवात कुठून?

रोजमेळ (धागाकर्ता)

"धंदा रक्तात असावा लागतो" हे आपल्याकडे दोन प्रकारचे लोक म्हणतात. एक, ज्यांच्या घरात तीन पिढ्या पेढी आहे ते. दुसरे, ज्यांना मुलाने नोकरीच धरावी असं वाटतं ते. या वाक्याला आव्हान देणारा प्रयोग आपल्याच देशात साठ वर्षांपूर्वी झालाय, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

१९६४ मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावलं. त्यांना हिशेब किंवा विक्री शिकवली नाही. स्वतःचं उद्दिष्ट ठरवणं, जोखीम मापणं आणि निकाल काय लागला ते लगेच तपासणं, एवढ्यावर भर होता. अशा प्रशिक्षणातला गाजलेला खेळ म्हणजे खुंटीवर कडी टाकणं. किती लांबून टाकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी खुंटीला चिकटून उभा राहतो, कुणी भिंतीपाशी जाऊन नशिबावर फेकतो. धंद्याला उपयोगी माणूस मधलं अंतर घेतो आणि दोन कड्या चुकल्या की अर्धं पाऊल पुढे सरकतो. परत गेल्यावर हे व्यापारी प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले: नवी गुंतवणूक, नवी माणसं, नवे उद्योग. आज आपल्याकडे 'उद्योजकता विकास कार्यक्रम' म्हणून जे चालतं, त्याचं एक मूळ तिथे आहे.

आता प्रश्न. पंचविशी-तिशीत स्वतःचा धंदा चालवणारी बरीच मुलं आहेत. पदवी आहे, गल्ल्यावर क्यूआर कोड आहे, इन्स्टाग्रामवर पान आहे. महिनाअखेर पैसे कुठे गेले हे मात्र सांगता येत नाही. यांना आधी वृत्ती शिकवायची की हिशेब? जाणकारांनी आकडे घेऊन लिहावं. प्रेरणादायी वाक्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप आहेच.

---

तिरफळ

आधी हिशेब. आणि हिशेब म्हणजे बॅलन्स शीट नव्हे, एका घाण्याचा हिशेब. चकलीचं उदाहरण घेते. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाने आपले वजन करून घालावेत.

१० किलो भाजणी, ९० रुपयांनी ९००. मोहन आणि तळणीत प्रत्यक्ष संपलेलं तेल ४ किलो, १५० ने ६००. तीळ, तिखट, मीठ, ओवा १५०. नवशिक्याचा हिशेब इथेच थांबतो: १६५०. साडेतेरा किलो माल निघाला, २५० ग्रॅमची ५४ पाकिटं, म्हणजे पाकिटाला ३१ रुपये. मग ६० ला विकून "दुप्पट सुटतात" असं सगळ्यांना सांगितलं जातं.

राहिलेलं आता धरा. गॅस ३००. दोन बायकांची दिवसाची मजुरी १०००. तुकडा अर्धा किलो गेला, म्हणून पाकिटं ५४ नाहीत, ५२. पाऊच आणि लेबल ४ रुपयांनी २०८. एकूण ३१५८, म्हणजे पाकिटाला पावणेएकसष्ट. ६० ला विकलं तर प्रत्येक पाकिटामागे पाऊण रुपया पदरचा घालून लोकांना चकली खाऊ घालतोय.

त्यापुढे भाडं ६०००, वीज १५००, आणि स्वतःचा पगार १५०००. हो, स्वतःचा पगार धरायचाच. महिन्याला २० घाणे, १०४० पाकिटं धरली तर हे २२५०० रुपये पाकिटावर २१.६३ ने बसतात. खरा खर्च ८२.३६.

एमआरपी १२० ठेवली. दुकानदाराचे एमआरपीवर २० टक्के गेले, ९६ उरले. वितरकाने त्याच्या खरेदीवर ८ टक्के धरले तर आपल्या हातात ८८.८९. (उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आणि विक्री राज्यातच, म्हणून जीएसटी नोंदणी सक्तीची नाही असं धरलंय.) राहिले साडेसहा रुपये. शंभरात तीन पाकिटं चुरा होऊन किंवा खवट म्हणून परत आली की त्यातले अडीच-पावणेतीन गेले. तेल किलोमागे ३० रुपयांनी चढलं की आणखी २.३० गेले.

तेल चढणार, माल परत येणार हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे त्यासाठी साडेसहाच रुपये आहेत, हे माहीत नसतं.

---

लेथ_आणि_लेखणी

तिरफळ यांच्या चकलीसारखंच आमच्या जॉबवर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्यांसाठी मशीनवर सुटे भाग करून देण्यात, होतं. भोसरी काय, शिरोली काय, चूक एकच: तासाचा दर.

समजा १५ लाखांचं मशीन. दहा वर्षं धरली तर घसारा वर्षाला दीड लाख. व्याज सरासरी ९० हजार. ऑपरेटर १८ हजारांनी २.१६ लाख. वीज ९० हजार, जागेचं भाडं ७२ हजार, टूल आणि देखभाल ८२ हजार. बेरीज ७ लाख. आता मुलगा आठ तास गुणिले ३०० दिवस म्हणजे २४०० तास धरतो, दर काढतो २९२, आणि ३०० ने कोटेशन देतो.

पण मशीन २४०० तास धातू कापत नाही. सेटिंग, पहिला पीस तपासणं, मटेरियलची वाट, वीज, ऑपरेटरची सुट्टी. ६५ टक्के चाललं तर १५६० तास. दर ४४९. म्हणजे ३०० ने ऑर्डर घेतलेला तासाला जवळपास दीडशे रुपये खड्ड्यात. काम भरपूर आहे, दोन शिफ्ट चालू आहेत आणि पगाराला पैसे नाहीत, हे दृश्य इथून येतं.

उपाय वहीतच आहे. मशीनवर खडूची पाटी टांगा. सुरू झालं ती वेळ, थांबलं ती वेळ, का थांबलं त्याचा एक शब्द. महिनाभर. मगच दर ठरवा.

---

तारापूर_लोकल

लेथवाल्यांच्या पाटीला भक्कम आधार आहे. तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांमध्ये निकोलस ब्लूम हे अर्थतज्ज्ञ आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ कंपन्या, २८ कारखाने. त्यांतल्या काहींना व्यवस्थापन सल्लागार फुकट दिले. त्यांनी आणलेल्या ३८ पद्धती म्हणजे काही रॉकेट नव्हतं: कापडातला दोष कोणत्या मागावर, कोणत्या प्रकारचा, याची रोज नोंद. मागाची ठरलेल्या दिवशी देखभाल. सुताच्या कोठारात प्रत्येक पेटीवर चिठ्ठी, जुनं सूत वेगळं. एवढ्यावर पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मला त्यातलं दुसरंच निरीक्षण जास्त बोचतं. कंपनी किती मोठी होणार हे व्यवस्थापनापेक्षा मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावरून जास्त नेमकं ओळखता येत होतं. बाहेरच्या माणसावर गल्ला सोडायचा नाही, मग जितके भाऊ आणि मुलगे तितक्या शाखा. मुलीसुना या मोजणीत नव्हत्याच, यावर वेगळा धागा निघेल.

काही वर्षांनी ते लोक परत गेले तेव्हा त्या कारखान्यांत आणलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. नोंदी ठेवणारा मॅनेजर गेला आणि मालकाला वेळ नव्हता, ही त्यातली मोठी कारणं.

---

रोजमेळ

म्हणजे सगळे हिशेबाच्या बाजूने? मग टोगोचं काय करायचं? पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोची राजधानी लोमे इथे १५०० छोटे व्यावसायिक तीन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचं प्रशिक्षण: हिशेब, विक्री, माणसं सांभाळणं. दुसऱ्याला फक्त पुढाकाराची सवय: शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय देता येईल, अडचण येण्याआधी काय करता येईल, अडलं तर दुसरी वाट कोणती. तिसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. पुढाकारवाल्यांचा नफा ३० टक्क्यांनी जास्त. नेहमीच्या प्रशिक्षणवाल्यांचा ११, आणि तोही योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येणार नाही इतपतच. 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत २०१७ मध्ये आलंय.

---

तिरफळ

टोगो मान्य. पण त्यात काय होतं तेही बघा. वर्ग संपल्यावर प्रशिक्षक चार महिने, दर महिन्याला एकदा, दुकानात जाऊन बसत होता. आपल्याकडे प्रमाणपत्र वाटपाचा फोटो झाला की कुणी कुणाला ओळखत नाही.

आणि हिशेब शिकवला तरी कसा शिकवला हाही प्रश्न आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या कर्जदारांना दोन तऱ्हांनी शिकवून पाहिलं. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र, दुसऱ्याला साधे ठोकताळे: दुकानाचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात, घरी न्यायचं ते ठरलेल्या रकमेनेच. ठोकताळेवाल्यांच्या नोंदी सुधारल्या, हिशेबशास्त्रवाल्यांच्या फारशा नाहीत. डेबिट-क्रेडिट शिकवायचं ते सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांना. चकलीवाल्याला दोन खण पुरे. आता यूपीआय आल्यावर खण म्हणजे दोन बँक खाती: दुकानाचा क्यूआर चालू खात्याला, स्वतःचं बचत खातं वेगळं, आणि दर एक तारखेला पगार एकदाच इकडून तिकडे.

---

शून्य_शिल्लक

नफ्यावर बोललात, रोकड राहिली. तिरफळ यांचेच आकडे घेतो.

महिन्याचा खर्च: २० घाणे गुणिले ३१५८ म्हणजे ६३१६०, अधिक २२५००. एकूण ८५६६०, दिवसाला २८५५. आता पैसा किती दिवस अडकतो बघा. डाळी, तेल, पाऊच यांचा साठा १० दिवस. तयार माल ५ दिवस. वितरक "महिन्याने देतो" म्हणतो आणि ४५ दिवसांनी देतो. आपल्याला किराणा ठोकवाला ७ दिवस उधार देतो. १० अधिक ५ अधिक ४५ वजा ७, म्हणजे ५३ दिवस. गुणिले २८५५, म्हणजे १ लाख ५१ हजार. मशीन नाही, डिपॉझिट नाही, नुसतं फिरतं ठेवायला दीड लाख.

गंमत पुढे आहे. दिवाळीच्या आधी मागणी दुप्पट झाली, ४० घाणे. तेच गणित केलं की २ लाख ६३ हजार येतात. म्हणजे धंदा वाढला म्हणून आणखी १ लाख १२ हजार आधी घालायचे, नफा नंतर. हे माहीत नसलं की मुलं क्रेडिट कार्डावर तेल उचलतात किंवा पाच टक्के महिन्याने हातउसने घेतात. साडेसहा रुपयांचा नफा ते व्याज एका फेरीत खातं.

वितरकाचे ४५ दिवस ३० वर आणले तर १५ गुणिले २८५५, जवळपास ४३ हजार मोकळे होतात. बिनव्याजी. कर्जाच्या अर्जापेक्षा हा फोन आधी करावा.

---

उधार_बंद

फोनने काम झालं नाही तर कायदा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा (एमएसएमईडी), २००६. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार नसला तर १५ दिवसांत पैसे. करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

करायचं ते क्रमाने. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आधी, पहिल्या बिलाच्या आधी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. गूगलवर वर येणारी आणि १५००-२००० रुपये मागणारी पानं दलालांची असतात. मग बिलावर उद्यम क्रमांक छापा. खरेदीची ऑर्डर लेखी घ्या, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप असलं तरी काहीतरी असू द्या. माल उतरल्याची तारीख आणि सही डिलिव्हरी चलानावर हवीच, कारण दिवस तिथून मोजायचे असतात. समोरच्याची तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी यायला हवी. नंतर सांगितलेलं "माल खराब होता" चालत नाही.

जास्त उपयोगी हत्यार आयकराचं आहे, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३बी मधला एच खंड. कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाला. खरेदीदाराने त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच. म्हणून फेब्रुवारीतच आपलं उद्यम प्रमाणपत्र त्यांच्या अकाउंट विभागाला पाठवून ठेवा. त्यांचा ऑडिटरच मागे लागतो, आपल्याला वाईट व्हावं लागत नाही.

दोन अटी विसरू नका. नुसता व्यापार करणाऱ्याला, घेतला आणि विकला अशाला, उद्यम नोंदणी मिळते पण उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. आणि मध्यम उद्योगाला हा एच खंड लागू नाही.

उशिराच्या पैशांची सरकारी पोर्टलवर तक्रार करायची ती गिऱ्हाईक सुटलं तरी चालेल अशी तयारी असेल तेव्हाच. ज्याच्याकडे ८० टक्के माल जातो त्याच्यावर कुणी तक्रार टाकत नाही. म्हणून शिकवायचंच असेल तर हे शिकवा: एका गिऱ्हाइकाची उधारी आपल्या महिन्याच्या विक्रीच्या किती टक्क्यांवर गेली की माल थांबवायचा, तो आकडा आधीच भिंतीवर लिहा.

---

दुसरी_पिढी

वडिलांच्या दुकानात बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. मुलगा किंवा मुलगी कॉमर्स, एमबीए करून येते आणि पहिल्या आठवड्यात बिलिंग सॉफ्टवेअर आणते. बाबांची उधारीची वही डोक्यात आणि लाल कापडात. दोन्ही समांतर चालतात, स्टॉक जुळत नाही आणि तीन महिन्यांत सॉफ्टवेअर बदनाम होतं.

चुकतं ते क्रमात. ६००० वस्तूंना एकदम बारकोड लावायला जाऊ नये. जास्त विक्रीच्या दोनशे वस्तू आधी. मालाची मोजणी रविवारी दुकान बंद ठेवून, जुनी शिल्लक कागदावर, दोघांच्या सह्यांनी. उधारीला शेवटी हात लावायचा, कारण तिथे बाबांचे संबंध आहेत.

दुसरं, "सगळं तूच बघ आता" आणि "विचारल्याशिवाय काही करू नको" ही दोन्ही वाक्यं एका दिवसात ऐकू येतात. त्यापेक्षा एक विभाग पूर्ण तोडून द्यावा. हार्डवेअरच्या दुकानात समजा फक्त प्लंबिंग. खरेदी, भाव, उधारी, नफा-तोटा सगळं तिचं. सहा महिने कुणी बोट घालायचं नाही. आणि तिला ठरलेला पगार. गल्ल्यातून "लागेल तसे घे" ही पद्धत प्रेमाची वाटते, पण दुकानाला कामाची खरी किंमत कधीच कळत नाही.

---

अर्ज_क्रमांक

शिकायचं कुठे, तर फुकट पर्याय बरेच आहेत. आरसेटी ही बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यात चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रं. निवासी, जेवणासकट, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा हा त्यांच्या कामाचाच भाग. मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरे इथली, १९८२ ची. आपल्याकडे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. प्रवेश घेताना एकच विचारा: नंतर धंद्याच्या जागी कोण आणि किती वेळा येणार?

पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला बँकेचं कर्ज आणि सरकारी अनुदान देणारी केंद्राची योजना, तिच्याबद्दल गैरसमज फार. २०२२ च्या मर्यादांनुसार उत्पादनाला ५० लाख आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प. ग्रामीण भागातली महिला, १० लाखांचा प्रकल्प असं धरा. स्वतःचे ५ टक्के म्हणजे ५० हजार, बँकेचे साडेनऊ लाख, अनुदान ३५ टक्के म्हणजे साडेतीन लाख. पण ते हातात येत नाही. बँकेत तिच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतं. त्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. युनिट चालू राहिलं तरच शेवटी कर्जात वळतं होतं.

अर्ज कुठे अडतात: जमिनीची किंमत प्रकल्पात घातलेली, ती धरता येत नाही. आधीच चालू असलेलं युनिट दाखवलेलं, योजना नव्यासाठी आहे. मंजुरीआधीच मशीन उचललेलं. आणि अहवालात पहिल्या महिन्यापासून ९० टक्के क्षमता. बँक मॅनेजर ते पान बघून फाइल खाली ठेवतो. अर्ज करताना त्या दिवशीचं परिपत्रक बघा, मर्यादा बदलत असतात.

सर्वात महाग चूक म्हणजे अनुदान मोठं मिळावं म्हणून प्रकल्प फुगवणं. हाताच्या सोऱ्यावर रोज १० किलो विकून झालेलं नाही, आणि तासाला ५० किलोचं मशीन येतं. खुंटी सोडून भिंतीपाशी उभं राहणं ते हेच.

---

लेथ_आणि_लेखणी

तिरफळ, एक दुरुस्ती. तुम्ही मजुरी घाण्यात धरली. घाणा नसेल त्या दिवशी त्या दोघींना पैसे देणार नाही का? महिन्याच्या पगारावर असतील तर ते २० हजार भाड्याच्या रांगेत जायला हवेत. तुमच्या पद्धतीने ना-नफा-ना-तोटा ८०० पाकिटांवर येतो, १६ घाणे. माझ्या पद्धतीने ठरलेला खर्च ४२५००, पाकिटामागे सुटतात ४७.३९, म्हणजे ८९७ पाकिटं, १८ घाणे. महिन्यात दोन घाण्यांचा फरक.

---

तिरफळ

बरोबर. रोजंदारी असेल तर माझं, पगारी असेल तर तुमचं. आणि चांगली चकली पाडणारी बाई रोजंदारीवर टिकत नाही, त्यामुळे व्यवहारात तुमचंच.

आणखी एक राहिलं होतं. पाकिटात "जरा जास्तच जाऊ दे" म्हणून २५५ ग्रॅम जातात. पाच ग्रॅम गुणिले १०४० म्हणजे ५ किलो २०० ग्रॅम, जवळपास २१ पाकिटं, महिन्याला साडेबाराशे रुपये. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पडताळणीचा शिक्का असलेला काटा घ्या. रोज सकाळी ठरलेल्या वजनाच्या मापाने तपासा. २५० च्या खाली मात्र जाऊ देऊ नका, वैधमापनवाले पकडतात आणि पकडलंच पाहिजे.

---

शून्य_शिल्लक

मग २५० चं २०० ग्रॅम करून एमआरपी १०० ठेवली तर? १३ किलोची ६५ पाकिटं, पाऊच धरून घाणा ३२१० ला. हातात येणार ७४.०७. घाण्याला १६०५ सुटतात, आधी १४६४ सुटत होते. २० घाण्यांना महिन्याला २८०० वर. गिऱ्हाइकाला किलोचा भाव ४८० चा ५०० पडतो, पण शंभराची नोट सुटी न करता जाते.

---

तिरफळ

चालेल, पण छापील पाऊच घेतलेले असतील तर अडकाल. चार रंगांचे छापील पाऊच करायला प्रत्येक रंगाचा वेगळा छपाईचा सिलिंडर लागतो आणि छापणारा थोड्या पाऊचचं काम घेत नाही. वजन बदललं की उरलेले सगळे वाया, जुन्या वजनावर स्टिकर मारून भागत नाही. पहिलं वर्षभर साधा पाऊच आणि वर लेबल. वजन, भाव, चव, तिन्ही तोवर दोनदा तरी बदलतात.